चिठ्ठीवर गुणवत्ता ठरत नाही

मार्च सरत आला, की कोथरूडपासून वाकडपर्यंतच्या अनेक घरांत एका निराळ्याच निकालाची प्रतीक्षा सुरू होते. कन्या वा पुत्र अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण संपवून तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करीत असतो, किंवा हिंजवडीतील कंपनीने त्याचे नाव पुढे केलेले असते. एच-1बी या कार्यव्हिसाच्या सोडतीत नाव लागले की नाही, या एका प्रश्नावर शैक्षणिक कर्जाचे हप्ते, विवाहाची बोलणी आणि मातापित्यांची झोप टांगलेली असते. 31 मार्च उलटतो आणि उत्तर येते एकाच शब्दात : 'सबमिटेड'. कोणी त्याचा अर्थ नकार लावतो, कोणी होकार. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

'सबमिटेड' म्हणजे नोंदणी वैध असून त्या वर्षाच्या निवडीसाठी अद्याप विचाराधीन आहे, एवढेच. ही आशा सर्वस्वी निराधार नसते. 2021 मध्ये जुलै व नोव्हेंबरमध्ये, 2023 मध्ये जुलैत आणि 2024 मध्ये ऑगस्टमध्ये पुन्हा निवड झाली. 2025 मध्ये मात्र मर्यादा पूर्ण झाल्याचे जुलैत घोषित झाले आणि उरलेल्यांपुढे 'नॉट सिलेक्टेड' ही अक्षरे उमटली. 'डिनाइड' म्हणजे एकाच कंपनीने एकाच उमेदवाराची दुबार नोंदणी केल्याने ती बाद झाली; 'इनव्हॅलिडेटेड' म्हणजे शुल्काचा भरणा फसला. 'सिलेक्टेड' हा शब्दही व्हिसा नव्हे. तो केवळ अर्ज करण्याचा अधिकार होय. त्यानंतर किमान 90 दिवसांच्या मुदतीत कंपनीने सविस्तर अर्ज करावयाचा, त्याची छाननी व्हावयाची, आणि मगच मंजुरी. त्यामुळे या शब्दावर पेढे वाटणे घाईचे ठरते.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी. नोंदणी उमेदवार करीत नाही, कंपनी करते. तिची स्थिती कंपनीच्या वा तिच्या वकिलाच्या खात्यातच दिसते. सर्वसामान्य अर्जांची स्थिती दाखविणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर ती सापडत नाही. म्हणून 'आतून माहिती काढून देतो' म्हणणाऱ्या दलालाच्या हाती एक रुपयाही देऊ नये. निवड झाली असल्यास निवडपत्राची प्रत कंपनीकडे मागावी.

अशा सोडतीत गुणवत्तेचा वाटा तो किती? वार्षिक मर्यादा 65 हजारांची, शिवाय अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी 20 हजार. 2023 मध्ये साडेसात लाखांहून अधिक नोंदण्या पात्र ठरल्या. त्यांतील चार लाखांहून अधिक नोंदण्या एकाच व्यक्तीसाठी अनेक कंपन्यांनी केलेल्या होत्या. हा गैरप्रकार रोखण्यासाठी 2024 पासून प्रत्येक उमेदवारास एकच संधी मिळू लागली. 2025 मध्ये पात्र नोंदण्या सुमारे 3 लाख 44 हजारांवर आल्या आणि त्यांतील सुमारे 1 लाख 20 हजार निवडल्या गेल्या. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये देशाबाहेरील नव्या उमेदवारांच्या अर्जावर 1 लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. 2026 च्या हंगामासाठी अधिक वेतनश्रेणीला अधिक चिठ्ठ्या, असा नियम झाला. नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाची संधी त्याने आणखी आकसते.

याबद्दल अमेरिकेला दूषणे देण्यात अर्थ नाही. आपल्या दारातून कोणास आत घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राचा असतो. भारत तो स्वतःसाठी सांगतो, तर इतरांना नाकारता येणार नाही. 1923 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदूंना नागरिकत्वास अपात्र ठरविले होते. 1946 च्या कायद्याने दार उघडले, ते वर्षाला 100 भारतीयांपुरते. ते दार कधी भावनेने उघडले नाही, गरजेने उघडले.

पुण्याला नकाराचा इतिहास ठाऊक आहे. महासंगणक देण्यास अमेरिकेने आढेवेढे घेतले, तेव्हा 1988 मध्ये येथे सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' साकारला. त्याही आधी तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकण्यास गेले, गदर चळवळीत सामील होऊन परतले आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या कारागृहात फाशी गेले. परदेशी जाणे म्हणजे देशाला अंतरणे नव्हे, हे त्यांनी दाखविले. आणि जाता न येणे म्हणजे पराभव नव्हे, हे 'परम'ने.

तथापि तरुणांना केवळ स्वदेशीचा उपदेश करून भागणार नाही. संशोधनाला पैसा नाही, उमेदवारीच्या वर्षांत वेतन तुटपुंजे आणि हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत आयुष्याचे तास विरतात, ही या नगरीची उणीव आहे. ती दूर करण्याचे उत्तरदायित्व शासनाचे, उद्योगांचे आणि समाजाचे आहे. तेवढी सिद्धता नसेल तर जाणाऱ्याला दोष देण्याचा अधिकारही उरत नाही.

घराघरांत निदान एक प्रथा आजच बदलता येईल. लग्नकार्यात भेटलेल्या तरुणाला आप्तेष्ट पहिला प्रश्न विचारतात, "नंबर लागला का?" त्याऐवजी "सध्या काय काम करतोस?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीच्या हाती असते, दुसऱ्याचे त्याच्या स्वतःच्या.