देहाचें घड्याळ आणि रात्रीचें ओलीत

प्रत्येक जिवाच्या देहांत निसर्गानें एक घड्याळ बसविलें आहे, ही आतां नुसती कविकल्पना राहिलेली नाहीं. १७२९ सालीं द मॅरां नांवाच्या फ्रेंच पंडितानें लाजाळूसारखें एक रोप अंधारांत ठेवून पाहिलें; सूर्य न दिसतांहि त्याचीं पानें वेळेवर उघडत व मिटत राहिलीं. फळांवर बसणाऱ्या बारीक माश्यांमध्यें ह्याच घड्याळाची घटना उलगडल्याबद्दल २०१७ सालीं तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपली झोप, भूक व अंगाची ऊब ह्याच घड्याळाच्या तंत्रानें चालतात, आणि तें रोज सकाळच्या उजेडानें जुळविलें जातें.

तें औषधानें फिरवितां यावें, अशी खटपट आतां चालली आहे. अडचण अशी कीं, अंगांतील बहुतेक पेशींत हें घड्याळ आहे, आणि पोटांत गेलेलें औषध नको त्या जागींहि पोंचतें. हॉलंडांतील ग्रोनिंगेन व जपानांतील नागोया येथील संशोधकांनीं २०२१ सालीं ह्यावर एक युक्ति प्रसिद्ध केली. त्यांच्या द्रव्याचा आकार हिरव्या व जांभळ्या प्रकाशानें आलटून पालटून बदलतो. त्यायोगें पेशींचें घड्याळ कांहीं तासांनीं हलवितां आलें आणि पूर्ववतहि करतां आलें. प्रयोग पेशी व ऊतींपुरताच आहे. माणसास देण्याजोगें औषध अद्याप दूर आहे. तरी ही कल्पना आपणांस अगदींच परकी वाटूं नये. कोडावर बावचीचें बीं लावून उन्हांत बसण्याचा उपचार आपल्या वैद्यकांत जुनाच आहे. बावचीतील द्रव्य अंधारांत स्वस्थ असतें, उन्हानें जागें होतें, आणि ऊन अधिक झालें तर कातडीवर फोड उठवितें!

असें औषध सिद्ध झालें तर रुग्णांजवळ जागणाऱ्या परिचारिकेस किंवा रेल्वेच्या नोकरास त्याचा लाभ अवश्य व्हावा. त्यांचें काम दिवसावर ढकलतां येत नाहीं. परंतु चिखलदऱ्याच्या घाटाखालीं, परतवाडा-अचलपूरच्या शिवारांत, हरभऱ्याला व संत्र्यांना पाणी द्यावयाचें तें वीज येईल तेव्हां. आणि पंपांची वीज पाळीपाळीनें येत असल्यामुळें पुष्कळदां ती रात्रींच येते. मग थंडींत, साप व रानडुकरांचें भय सोसून, बाप बांधावर उभा राहतो आणि बॅटरी धरावयास मुलगा बरोबर जातो. दुसऱ्या दिवशीं तोच मुलगा वर्गांत पेंगतो व आळशी ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००७ सालीं रात्रपाळी ही बहुधा कर्करोगास कारण होणारी गोष्ट म्हणून नोंदविली, हें येथें विसरूं नये.

अशा जागरणावर औषध शोधणें आम्हांस मान्य नाहीं. दिवसा विजेवर ताण पडतो हें खरें. पण विजेचें वेळापत्रक माणसांनींच आंखलेलें आहे, देहाचें नव्हे. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी म्हणूनच राज्य सरकारनें २०१७ सालीं सौर कृषि वाहिनीची योजना काढली. ती प्रत्येक शिवारापर्यंत पोंचेतोंपर्यंत गुरुजनांनीं पेंगणाऱ्या मुलास बोल लावण्यापूर्वीं, काल रात्रीं त्याच्या शेतांत पाणी चालू होतें काय, एवढें विचारावें.