स्वस्त सदऱ्याची उधारी

‘स्वस्त’ हा शब्दच अलीकडे फार स्वस्त झाला आहे. दीडदोनशे रुपयांत सदरा मिळतो, तो चार धुण्यांत विटतो, सहाव्यात उसवतो, आणि आपण तो टाकून दुसरा आणतो. या व्यवहाराला आपण स्वस्ताई म्हणतो. आमचे म्हणणे असे की, ही स्वस्ताई नव्हे, उधारी आहे. किमतीतला जो भाग आपण दुकानात मोजत नाही, तो दुसरे कोणी तरी मोजत असते. त्याचे नाव आपल्या पावतीवर नसते, इतकेच.

एकदा मात्र ते साऱ्या जगाला दिसले. ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिच्यातील पाच कारखान्यांत पाश्चात्त्य बाजारांसाठी कपडे शिवले जात. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेले. खालच्या बँकेने आपली माणसे बाहेर काढली, दुकाने बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर हजर होण्याचा हुकूम झाला. नऊच्या सुमारास इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. तडे बँकेच्या कारकुनाला आणि शिलाईच्या यंत्रावर बसणाऱ्या मुलीला सारखेच दिसले होते. मग दोघांच्या जिवात भेद कोणी केला? ठरल्या तारखेस माल रवाना करण्याच्या घाईने केला. आणि महिन्याकाठी ३००० टका या तेव्हाच्या किमान वेतनाने केला, ज्यावर जगणाऱ्याला एका दिवसाचा खाडाही परवडत नाही.

हे परमुलखातले झाले, असे कोणी म्हणेल. त्यांनी तमिळनाडूतील तिरुप्पूरकडे पाहावे. बनियनांसाठी देशभर नावाजलेल्या या शहरातून नोय्यल नदी वाहते. रंगाईच्या कारखान्यांनी आपले क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे तिच्यात सोडले. शेतीसाठी ओरत्तुपाळयम येथे बांधलेल्या धरणात हेच पाणी साठले, आणि ज्यांच्यासाठी धरण बांधले ते शेतकरीच त्या पाण्याविरुद्ध न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई-कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचे तर खर्च येतो, आणि तो कपड्याच्या किमतीत चढणारच. जो खरेदीदार तेवढ्यासाठी पाठ फिरवितो, तो भाव पाडून मागत नाही. तो सदऱ्याबरोबर नदी फुकट मागतो.

‘पण आम्ही जुने कपडे टाकत नाही, गरिबांना देतो,’ असे समाधान अनेक जण मानतात. युरोप-अमेरिकेनेही तेच मानले. त्यांचे उतरलेले कपडे गठ्ठ्यांनी घानातील आक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात येतात, आणि जे विकण्याच्या लायकीचे नसतात ते गटारांत व समुद्रकिनाऱ्यावर जातात. आपल्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी होई, कोठे तिला वाकळ म्हणत. बोहारीण जुनेर घेऊन भांडे देई. उरल्या चिंधीचे पोतेरे होई आणि शेवटी सुताची माती होई. आज जगात तयार होणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. ते खनिज तेलापासून होते. त्याची माती होत नाही. प्रत्येक धुण्याला त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात मात्र जातात.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. स्वस्त कपड्याने गरिबाच्या अंगावर वस्त्र आले, बांगलादेशातील लाखो स्त्रियांच्या हाती पैसा आला. ते सुखवस्तू लेखकांनी का हिरावून घ्यावे? आम्ही ते हिरावून घेऊ इच्छीत नाही. वर्षाला दोन सदरे घेणाऱ्या मजुराशी आमचे भांडण नाही. तो सदरा विरेपर्यंत वापरतो. भांडण आहे ते एका समारंभासाठी घेऊन दुसऱ्या समारंभापूर्वी फेकणाऱ्यांशी, म्हणजे बहुतांशी आमच्याशी आणि आमच्या वाचकांशी. त्या स्त्रियांनाही कारखाने बंद व्हायला नको आहेत. त्यांना न कोसळणारे छप्पर आणि पुरेसे वेतन हवे आहे.

ते अशक्यही नाही. राणा प्लाझानंतर २०१३ मध्येच कामगार संघटना आणि परदेशी खरेदीदार यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला, आणि हजाराहून अधिक कारखान्यांची तपासणी होऊन दुरुस्त्या सुरू झाल्या. मग जे ११३४ मृत्यूंनंतर जमले, ते त्यांच्या आधी का जमले नाही? कारण तोवर कोणावर सक्ती नव्हती. म्हणून आमची मागणी दयेची नाही, कायद्याची आहे: जो कपडा विकतो, त्याने तो कोठे शिवला, कोणत्या पाण्यात रंगविला, याची जबाबदारी घ्यावी.

आणि कायदा होईपर्यंत आपल्या हाती काय आहे? सुई आहे. तुटलेली गुंडी लावण्यास पाच मिनिटे लागतात. सदरा घेताना तो कितीला मिळाला हे जरूर पाहावे. पण तो किती धुणी टिकेल, हेही विचारावे. आपल्या वाट्याची उधारी निदान वाढू न देणे एवढे तरी त्यातून साधेल.