मोटरीची पेटी : आवाज अडवावा, हवा अडवू नये

फर्निचर, प्लायवूड, मॉड्युलर किचन, नामफलक, देवघरे अशा व्यवसायांत असलेल्या आपल्या अनेक वाचक-कुटुंबांची मांडणी अजूनही जुन्या पेठेतलीच आहे. पुढे दुकान, मागे कारखाना आणि वर राहते घर. पूर्वी या कारखान्यातून करवतीचा आणि रंध्याचा आवाज येई. तो कारागिराच्या हाताबरोबर थांबतही असे. आता सँडर, राउटर आणि गोल करवत यांच्या जोडीला धूळ ओढणारी व्हॅक्यूम मोटर आली आहे. तिचा किंचाळणारा सूर सकाळी दहाला सुरू होतो तो दिवे लागेपर्यंत चालतो. वरच्या मजल्यावरील आजोबांची दुपारची झोप, मुलांचा अभ्यास, शेजाऱ्यांशी तीन पिढ्यांचा घरोबा, सारेच त्या सुराखाली येते.

यात एक तोटा असा आहे की तो चटकन नजरेस येत नाही. आवाज असह्य झाला की कारागीर पहिली गोष्ट करतो ती मोटर बंद करण्याची. सँडर चालू राहतो, धूळ उडत राहते आणि ती छातीत जाते. एका परिचितांच्या कारखान्यात मी हेच पाहिले. उत्तम यंत्र कोपऱ्यात उभे, नळी गुंडाळून ठेवलेली, आणि मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून एमडीएफ घासत आहेत. विचारले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, त्याच्या आवाजापेक्षा धूळ बरी.” जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केलेली आहे. तेव्हा मोटरीला शांत पेटी करणे हा चैनीचा खर्च नव्हे. ओढणारे यंत्र दिवसभर चालू राहावे, यासाठी ती करावयाची आहे.

आवाज कुठून येतो ते आधी समजून घेऊ. या मोटरी कार्बन ब्रशच्या असतात आणि मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेतात. समजा २१,००० फेरे आहेत आणि पंख्याला नऊ पाती आहेत. म्हणजे सेकंदाला ३५० फेरे, आणि ३,१५० वेळा हवा कापली जाते. माणसाचा कान दोन हजार ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यातच सर्वांत तिखट असतो. म्हणून हा सूर इतका टोचतो. मात्र यातच सोयही दडलेली आहे. या सुराची लहर जेमतेम अकरा सेंटिमीटर लांब असते, आणि एवढ्या आखूड लहरीला पाच सेंटिमीटर जाडीचे तंतुमय अस्तर सहज गिळते. ढोलाचा किंवा जनरेटरचा घुमणारा आवाज अडवणे त्या मानाने फार कठीण.

पेटीची भिंत जड हवी. वजन दुप्पट केले की साधारण पाच ते सहा डेसिबल अधिक अडतात. १८ मिलिमीटर एमडीएफचे वजन दर चौरस मीटरला तेरा किलोच्या आसपास भरते. आपल्या कामाला ते पुरेसे आहे, आणि दुकानातील तुकडेही खपतात. पण नुसत्या लाकडी पेटीत आवाज आतल्या आत आपटून वाढत राहतो, म्हणून आतून रॉकवूलचे अस्तर अनिवार्य. त्याचे तंतू हवेबरोबर उडू नयेत यासाठी त्यावर काचकापड ताणून लावावे. थर्माकोल लावणारे पुष्कळ भेटतात; त्याला वजनही नसते आणि तो आवाज शोषतही नाही. सफरचंदाच्या पेटीतल्या खोलगट पुठ्ठ्यांची कथा त्याहून वेगळी नाही. गादीचा फोम आवाज शोषतो हे खरे, परंतु कार्बन ब्रशमधून ठिणग्या पडतात, आत बारीक भुसा असतो, आणि फोम पेटला तर त्याचा धूर जीवघेणा असतो. मी तो कुणालाही सुचवणार नाही.

यानंतरचा प्रश्न हवेचा. बहुतेक पेट्या इथेच फसतात. मोटर पूर्ण बंद केली तर ती जळते. भोक ठेवले तर आवाज बाहेर येतो. थोडा हिशेब पाहा. १,२०० वॉटची मोटर जी वीज खाते ती अखेर जवळजवळ सारी उष्णताच होते. सेकंदाला ४० लिटर हवा वाहत असेल तर ती हवा २५ अंशांनी तापते. पिशवी भरली, नळी तुंबली आणि हवा १० लिटरवर आली, तर वीजभार काहीसा उतरूनही तीच हवा सत्तर-ऐंशी अंशांनी तापते. सोलापूरच्या मे महिन्यातील दुपार त्यात मिळवा, म्हणजे वाइंडिंगचे वार्निश का जळते ते ध्यानात येईल.

मोटरी दोन जातींच्या असतात, आणि खरेदीच्या वेळी हे विचारून घ्यावेच. साध्या घरगुती यंत्रात ओढलेली हवाच मोटरीवरून जाऊन तिला थंड करते. नळी तुंबली की थंडावाही थांबतो. ओल्या-कोरड्या दोन्ही कामांच्या यंत्रात मोटरीला गार करणारा छोटा पंखा वेगळा असतो आणि त्याची हवाही वेगळी असते. कारखान्यासाठी ही दुसरी जात घ्यावी. तिच्या पेटीला दोन स्वतंत्र वाटा लागतात, एक गार हवा आत येण्याची आणि दुसरी तापलेली हवा बाहेर जाण्याची. यांच्यामध्ये फळीचा पक्का पडदा हवा. तापलेली हवा पुन्हा गार हवेच्या तोंडाशी आली की मोटर आपलाच उच्छ्वास पुन्हा घेऊ लागते आणि तासाभरात वास सुटतो.

या दोन्ही वाटा सरळ ठेवू नयेत. जुन्या वाड्यात दिंडीतून आत शिरले तरी माजघर दिसत नाही, दोनदा वळावे लागते. तशीच ही रचना असावी. दोन-तीन वळणांचा बोळ, आतून सर्वत्र अस्तर, आणि बाहेरून पाहिले तर मोटर कुठूनही दिसता कामा नये. हवा वळते, आवाज मात्र प्रत्येक वळणावर अस्तरावर आदळून क्षीण होतो. बोळ अरुंद करू नये. मोटरीचे तोंड पाच सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्र वीस चौरस सेंटिमीटर होते. बोळाची अस्तर लावून उरलेली मोकळी जागा त्याच्या तिप्पट-चौपट असावी, म्हणजे ८ बाय १० सेंटिमीटर चालेल. अरुंद बोळातून हवा वेगाने जाते आणि स्वतःच शिटी वाजवते.

मोटर पेटीला थेट स्क्रूने आवळू नये. मऊ रबराच्या कड्यावर बसवावी, नळीचा जोड लवचीक ठेवावा आणि पेटी भिंतीला टेकवू नये. नाहीतर ती सारी भिंतच वाजू लागते आणि वरच्या खोलीत आवाज खालच्यापेक्षा स्पष्ट येतो.

फटींविषयी सुतार मंडळी हमखास उदासीन असतात. पेटीच्या पृष्ठभागापैकी एक टक्का जागा उघडी राहिली, तर भिंती कितीही जाड असोत, वीस डेसिबलच्या पुढे कपात होत नाही. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी लावून वर दाबणाऱ्या कड्या बसवाव्यात. तपासण्याची युक्ती सोपी आहे. रात्री दुकानाचे दिवे मालवून पेटीत एक पेटता बल्ब ठेवावा. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येणार.

हवेची तपासणीही घरच्या साधनांनी होते. गवंड्यांची पाण्याची पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून अर्धी पाण्याने भरावी, एक टोक गरम हवेच्या कप्प्यात घालावे, दुसरे बाहेर ठेवावे. मोटर चालू असता दोन बाजूंच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरहून अधिक फरक पडला, तर बोळ अरुंद आहे असे समजावे. मग अर्धा तास चालवून गार हवेच्या कप्प्यात तापमापक ठेवावा. खोलीपेक्षा तिथे पाच-सात अंशांहून अधिक ताप दिसला तर गरम हवा कुठेतरी परत शिरते आहे. पेटीत तापमान वाढताच वीज तोडणारा थर्मल स्विच बसवणे हे मी ऐच्छिक मानत नाही.

फळ किती मिळते? घरी नीट केलेल्या पेटीतून दहा ते पंधरा डेसिबलची अपेक्षा ठेवावी. आकडा लहान वाटतो, पण दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा भासतो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबलमध्ये आठ तासांहून अधिक राहू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलची मोटर शेजारी असेल तर दोनच तास. ती ७८ वर आली तर मोटरीपुरता तरी प्रश्न मिटतो. सँडरचा आणि करवतीचा आवाज उरतोच. कानातील बोळे पेटी केल्यावरही सुटत नाहीत.

शेजारधर्माचा एक मुद्दा येथे लिहिणे भाग आहे. बाहेर जाणाऱ्या हवेचे तोंड आपल्या सोयीने मागच्या बोळात काढले जाते, आणि तिथे नेमकी दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५. पेटी झाल्यावर मोजमाप आपल्या दुकानात न करता त्या खिडकीपाशी उभे राहून करावे, तेही त्या घरातील माणसांना सांगून. बहुतेक वेळा तोंड वर छपराकडे वळवले आणि बोळाला आणखी एक वळण दिले की काम भागते.

कार्बन ब्रश काही शे तासांनी झिजतात, तेव्हा झाकण खिळ्यांनी बंद करू नये, बिजागरीवर ठेवावे. ब्रशचा एक जादा जोड पाकिटात घालून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा आणि बदलल्याची तारीख तिथेच पेन्सिलीने लिहावी. ऐन दिवाळीच्या ऑर्डरी सुरू असताना मोटर थांबली, तर मिस्त्रींना तो शोधत बाजारात धावावे लागणार नाही.