ॲमेझॉन : कुऱ्हाडीच्या आधी पोहोचलेला कागद

१/ ॲमेझॉनचे वर्षावन का तुटले, असे विचारले की दोन उत्तरे तयार असतात : वाढती लोकसंख्या आणि गरिबाची भूक. दोन्ही सोयीची आहेत, कारण त्यांत जबाबदार असा कोणीच उरत नाही. ब्राझीलचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. हा थ्रेड त्या साक्षीविषयी.

२/ १९६४ मध्ये ब्राझीलची सत्ता लष्कराने घेतली. देशाचा जवळपास निम्मा भाग व्यापणारे विरळ वस्तीचे ॲमेझॉन सेनाधिकाऱ्यांना उघड्या दारासारखे भासे. परकीयांची दृष्टी पडण्याआधी ते आपल्या माणसांनी भरावे, हा त्यांचा विचार. तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे आदिवासी समाज या हिशेबात धरलेच गेले नाहीत.

३/ पहिले साधन करसवलतीचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कंपन्यांना आपल्या आयकरापैकी निम्म्यापर्यंतची रक्कम ॲमेझॉनमधील मंजूर प्रकल्पांत गुंतवता येऊ लागली. मोठा वाटा गुरांच्या कुरणांकडे गेला. फोक्सवॅगननेही पारा राज्यात सुमारे १ लाख ४० हजार हेक्टर जमीन घेतली. मोटारींचा कारखानदार गुरे पाळू लागतो, तेव्हा त्याचे कारण करकायद्यात शोधावे.

४/ दुसरे साधन रस्ता. १९७० मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये भीषण दुष्काळ पडला. राष्ट्राध्यक्ष मेडिसी यांनी दुष्काळी भाग पाहिला आणि ॲमेझॉनला आडवा छेदणाऱ्या महामार्गाची घोषणा झाली. घोषवाक्य होते : माणसांविना असलेली भूमी, भूमीविना असलेल्या माणसांसाठी.

५/ येथे क्षणभर थांबावे. ईशान्येत जमीन नव्हती का? होती, पण ती मोजक्या जमीनदारांच्या हाती होती. तिचे फेरवाटप करणे म्हणजे आपल्याच पाठीराख्यांना दुखावणे. त्यापेक्षा भूमिहीनाला दूरच्या अरण्यात धाडणे राजवटीला सोपे वाटले. जमीनसुधारणेचे ओझे असे जंगलाच्या माथी आले.

६/ रस्त्याकाठी प्रत्येक कुटुंबाला सुमारे १०० हेक्टर मिळणार होते. एक लाख कुटुंबे वसवण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात काही हजारच वसली. वर्षावनाचे सत्त्व मातीपेक्षा झाडांत आणि पालापाचोळ्यात साठलेले असते. जंगल जाळले की राखेवर दोन-चार पिके येतात, मग पाऊस ते सत्त्व धुऊन नेतो. थकलेला शेतकरी जमीन विकून पुढच्या जंगलात शिरे आणि मागे कुरण उरे.

७/ आता मूळ मुद्दा. सरकारी जमिनीवर हक्क सांगायचा, तर ती 'उपयोगात' आणल्याचे दाखवावे लागे. उभे जंगल म्हणजे पडीक. तोडलेले जंगल म्हणजे सुधारणा. चार गुरे सोडली की कब्जा सिद्ध. आपल्या भाषेत सांगायचे, तर झाडे पाडल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नसे. अशा कायद्याखाली जंगल राखणारा मूर्ख ठरतो.

८/ रोंडोनिया राज्याकडे पाहा. १९७० मध्ये तेथे सुमारे १.१ लाख माणसे होती. १९९१ मध्ये ती ११ लाखांवर गेली. मधल्या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून तेथे जाणारा महामार्ग पक्का झाला होता. उपग्रहचित्रांत मुख्य रस्ता, त्याला फुटलेले फाटे आणि भोवतीची तोड माशाच्या काट्यासारखी दिसते.

९/ जंगल न तोडताही त्यावर जगता येते, हे सांगणारे लोकही तेथेच होते. आक्रे राज्यात रबराचा चीक गोळा करणाऱ्यांनी चिको मेंडिस यांच्या नेतृत्वाखाली तोड अडवली. २२ डिसेंबर १९८८ रोजी मेंडिस यांची त्यांच्या घरी हत्या झाली. त्यासाठी एक पशुपालक जमीनदार आणि त्याचा मुलगा दोषी ठरले.

१०/ आक्षेप येईल : गोमांसाची आणि सोयाबीनची जागतिक मागणी विसरलात काय? ती खरी आहे आणि आज तिचे वजन मोठे आहे. पण मागणी ओसाड कुरणांवरही भागवता येते. ती नव्या जंगलाकडे वळते, कारण तेथील जमीन जवळपास फुकट मिळते. ही फुकटेगिरी बाजाराने नव्हे, राज्याने निर्माण केली.

११/ पुरावा आकड्यांत आहे. २००४ मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २७,७७२ चौ. किमी जंगल तुटले. २०१२ मध्ये ४,५७१. मधल्या काळात उपग्रहावरून पाळत ठेवली गेली, राखीव क्षेत्रे वाढली, २००८ मध्ये शेतकर्ज पर्यावरणाच्या नियमांशी जोडले गेले. बाजारभावांचाही हातभार लागला. तरी याच काळात देशाचे सोयाबीन उत्पादन वाढलेच.

१२/ मग माफीचे कागद आले. २००९ च्या कायद्याने सरकारी जमिनीवरील जुने कब्जे नियमित केले. २०१७ मध्ये ती मुदत पुढे सरकली. २०१२ च्या वनसंहितेने जुलै २००८ पूर्वीच्या बेकायदा तोडीचे दंड अटींवर माफ केले. प्रत्येक माफी पुढच्या कब्जेदाराला एकच गोष्ट शिकवते : आज तोड, उद्या नावावर होईल. पुढे पाळतही ढिली पडली आणि २०२१ मध्ये आकडा १३,००० वर गेला. पाळत पुन्हा कडक झाल्यावर २०२४ मध्ये तो सुमारे ६,३०० वर उतरला.

१३/ म्हणून गरिबाच्या कुऱ्हाडीकडे बोट दाखवणारा इतिहास मला अपुरा वाटतो. कुऱ्हाड त्याच्या हाती होती. ती कोठे चालवायची, हे राजधानीतील कागदाने ठरवले होते. इतिहासाच्या अभ्यासकाने जंगलतोडीचा कोणताही प्रसंग वाचताना आधी हे विचारावे : झाड पडल्यावर ती जमीन कोणाच्या नावावर झाली? १३/१३