जाकिटाच्या आत काय आहे, हे पाहायचे कोणी?

चंदीगडच्या सुखना सरोवरावर होडीत पाय ठेवणाऱ्या प्रवाशाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट चढवले जाते. शिवालिकच्या टेकड्यांकडून येणाऱ्या हंगामी ओढ्याला १९५८ साली बांध घालून हे सरोवर निर्माण करण्यात आले, आणि तेथील नौकाविहाराची व्यवस्था सरकारी महामंडळाकडे आहे. अशा तलावांवर सर्रास दिसणारी जाकिटे फोमची असतात. फोम डोळ्यांना दिसतो, बोटाने दाबून पाहता येतो. कापड विटले, पट्टा तुटला, फोम चेपून पातळ झाला तर शाळकरी मुलालाही ते कळते. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या, तेव्हा प्रश्न उठला तो सर्वांच्या अंगावर जाकिटे का नव्हती, हा. तो प्रश्न रास्तच होता. पण जाकीट अंगावर असूनही माणूस बुडू शकतो, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसे कोणी वळत नाही.

हा दुसरा प्रश्न फुगणाऱ्या जाकिटांचा आहे. ही जाकिटे वजनाला हलकी, मानेभोवती चपटी बसणारी असतात. विमानाच्या आसनाखाली असते ते याच जातीचे. समुद्रातील तेलविहिरींवर हेलिकॉप्टरने जाणाऱ्या कामगारालाही हेच घालावे लागते, कारण पाणी शिरलेल्या हेलिकॉप्टरात फोमचे जाकीट माणसाला छताशी चिकटवून ठेवील आणि त्याला दारातून बाहेर पडता येणार नाही. डेकवर वाकून दोर ओढणाऱ्याच्या हालचालीलाही हे अडथळा करीत नाही. सोय निःसंशय मोठी आहे. परंतु फोमचे जाकीट जन्मतःच तरंगते. फुगणारे जाकीट तरंगण्याचे केवळ वचन देते, आणि वचन पाळले जाईल की नाही हे माणूस पाण्यात पडेपर्यंत वरून दिसत नाही.

त्याच्या आत एक रबरी लेप दिलेली पिशवी असते, कार्बन डायऑक्साइडचे छोटे पोलादी नळकांडे असते आणि त्या नळकांड्याचे तोंड फोडणारी सुई असते. दोरी ओढली की सुई सुटते. स्वयंचलित जातीत पाण्यात विरघळणारी एक वडी स्प्रिंग रोखून धरते. ती भिजली की स्प्रिंग सुटते. सुमारे तेहतीस ग्रॅम वायू काही सेकंदांत पिशवीत शिरतो आणि पंधरा किलो वजनाइतकी उचल निर्माण होते.

आता यात बिघडू शकते काय? नळकांडे आधीच एकदा वापरलेले व रिकामे असू शकते. बोटीच्या सततच्या हादऱ्यांनी त्याचे आटे सैल होतात आणि सुई त्याच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. वडी दमट हवेने मऊ होते, तिची मुदत संपते. पावसाळ्यात कोठीत टांगलेले जाकीट आपोआप फुगण्याचे कारण हेच. खाऱ्या पाण्याने नळकांडे गंजते आणि तो गंज पिशवीला घासून बारीक छिद्र पाडतो. घडीच्या रेषेवर लेप झिजतो. शिवाय कारखान्यातच सुईचा किंवा शिवणीचा दोष राहून गेला असेल, तर एकाच तुकडीतील शेकडो जाकिटे वरून नवी-कोरी आणि आतून निकामी असतात.

यातील बहुतेक दोष पकडण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नळकांड्यावर त्याचे भरलेले वजन कोरलेले असते. स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणारा काटा ते तपासण्यास पुरेसा आहे. पिशवी तोंडाच्या नळीने फुगवून रात्रभर ठेवावी. सकाळी ती मऊ पडली असेल तर ते जाकीट बाद. वडीवरची तारीख वाचावी, नळकांडे हाताने घट्ट पिळावे. एका जाकिटामागे दहा मिनिटांचे काम आणि एका रात्रीची वाट. मोठ्या जहाजांसाठी असलेल्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार फुगणाऱ्या जाकिटांची मान्यताप्राप्त केंद्रात बारा महिन्यांच्या आत सेवा-तपासणी करावीच लागते आणि पिशवीचे किमान दोन स्वतंत्र कप्पे असावे लागतात. त्या कराराच्या कक्षेबाहेरच्या लहान बोटी मात्र मालकाच्या मर्जीवर चालतात, आणि मालकाची मर्जी कोणत्या हिशेबाने चालते हे कष्टकऱ्यांना नव्याने सांगावयास नको.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हे बार्ज बुडाले. ओएनजीसीच्या कामावरील कंत्राटी कामगारांच्या निवासासाठी ते उभे होते. त्यावरील २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक कामगार परत आले नाहीत. वाचलेल्यांनी वृत्तपत्रांना सांगितले ते असे की, फुगणारे जीवरक्षक तराफे पाण्यात सोडण्याची वेळ आली तेव्हा त्यांतील बहुतेक पंक्चर निघाले. ज्यांना नौदलाने खवळलेल्या समुद्रातून उचलले, ते कित्येक तास अंगावरच्या जाकिटांच्या आधाराने तरंगत होते. वादळाचा इशारा मिळूनही बार्ज तेथे का राहिले, यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहिलेच पाहिजे होते. पण ते तराफे पंक्चर कधी झाले? वादळाच्या रात्री खासच नाही. घडी घालून, पेटीत बंद करून, कागदावर सही होऊन ते आधीपासूनच निकामी पडले असतील, तर त्या सहीचा जाब कोणी द्यायचा?

आपल्या देशात सदोष माल माघारी बोलावण्याचा कायदा नाही, असे मात्र नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद झाली. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ मध्ये मानक चिन्ह नसलेले प्रेशर कुकर परत बोलावण्याचे आदेश दिले. ठीकच झाले. पण गाडीला नोंदणी क्रमांक असतो, मालकाचा पत्ता असतो. जाकीट विकत घेतो कंत्राटदार, सूचना आलीच तर येते त्याच्या कार्यालयात, आणि गळ्यात ते असते तिसऱ्याच माणसाच्या. तो माणूस महिन्याला बदलतो. त्यातून ग्राहकाच्या व्याख्येतून या कायद्याने 'व्यापारी हेतूने' खरेदी करणाऱ्याला वगळले आहे. म्हणजे कुकर वापरणाऱ्या कुटुंबाच्या मागे जे संरक्षण उभे आहे, ते ज्याचा जीव त्या जाकिटावर टांगलेला आहे त्याच्यापर्यंत पोचेल याची शाश्वती नाही.

ही उणीव नव्या श्रमसंहितेने भरून निघत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सुरक्षा समितीची सक्ती साधारण कारखान्याला पाचशे कामगारांपासून, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला व बांधकामाला अडीचशेपासून आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीवर किंवा दहा-बारा खलाशांच्या ट्रॉलरवर अशी समिती कधी बसणार? १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून पंधरा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर प्रवाशांना जाकिटांची सक्ती झाली. जाकिटांच्या तपासणीची चर्चा तितक्या जोराने झाली नाही. ब्रिटनमध्ये १८२४ पासून काम करणारी आरएनएलआय ही संस्था लोकांची जाकिटे तपासून देण्याची शिबिरे भरविते. ती धर्मादाय संस्था आहे, सरकारी खाते नव्हे. येथे बंदर खाते, मत्स्य खाते व महामंडळे असताना तसे शिबिर ससून डॉकवर किंवा मिरकरवाड्यात भरविण्यास कोणती अडचण आहे?

चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश आहे. तेथे केंद्र सरकारला राज्याकडे बोट दाखविता येत नाही. तेव्हा आरंभ तेथूनच व्हावा. सरकारी व महामंडळांच्या ताब्यातील प्रत्येक जाकिटाला, मग ते फोमचे असो वा फुगणारे, क्रमांक द्यावा. तो क्रमांक, उत्पादनाची तुकडी, शेवटच्या तपासणीची तारीख व तपासणाऱ्याचे नाव असलेला तक्ता धक्क्यावर लावावा. आणि उत्पादकाने माल परत बोलावला तर ती सूचना त्याच तक्त्यावर, त्या भागातील भाषेत, चोवीस तासांत लागावी. बंदर व तेलक्षेत्रातील कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात आणखी एक कलम घालावे: पाळीच्या आरंभी जाकीट उघडून नळकांडे पाहण्याचा कामगाराचा हक्क, आणि सदोष जाकीट नाकारून किनाऱ्यावर थांबल्यास त्या दिवसाची पूर्ण मजुरी. वजनाचा काटा व्यवस्थापनाने द्यावा. त्याने तो दिला नाही, तर संघटनेने वर्गणीतून घ्यावा. तो फार महाग नसतो.