मार्गदर्शक कोण?

तळेगाव (श्यामजी पंत) येथून महामार्गाने एका दिशेला गेले की नागपूर लागते, दुसऱ्या दिशेला अमरावती. मध्ये वर्धा नदी आहे. ती ओलांडली की जिल्हा बदलतो आणि विद्यापीठही. नागपूर विद्यापीठ १९२३चे; त्यातूनच १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. तळेगावच्या एका विद्यार्थिनीने एम. ए. झाल्यावर मला विचारले, "सर, पीएच. डी.साठी कुठे जाऊ?" तिला महानुभाव गद्यावर काम करायचे आहे. मी विषयाबद्दल बोलू लागलो, तेव्हा तिने नम्रपणे थांबवले. "विषय नंतर ठरेल सर. आधी जागा कोणाकडे आहे, ते सांगा."

तिचे चुकले असे म्हणवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. मर्यादा योग्यच आहे. परंतु व्यवहारात तिचा परिणाम असा होतो की, रिकामी जागा विषय ठरवते. पोथ्यांवर काम करू इच्छिणारी मुलगी 'ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण' घेऊन बसते आणि पुढची पाच-सहा वर्षे दुसऱ्याच्या जिज्ञासेची चाकरी करते. माझ्या मते मराठीतील बहुसंख्य प्रबंध निर्जीव का होतात, याचे एक कारण इथे आहे.

मग निवड कशी करावी? मार्गदर्शकाची कीर्ती, पुरस्कार, समित्या यांवरून मुळीच नव्हे. त्यांच्याकडे झालेले प्रबंध वाचावेत. 'शोधगंगा'मुळे ते आता घरबसल्या शक्य आहे. लेखकाचे नाव बदलून तेच प्रकरणांचे साचे पुन्हा पुन्हा दिसले, तर सावध व्हावे. पदवी मिळालेल्यांशी बोलावे, आणि मध्येच सोडून गेलेल्यांशी तर अवश्य बोलावे. लिहिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळते, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण तोच निर्णायक ठरतो. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा संशोधक घेता येत नाही, हेही ठाऊक असावे.

दुसरा प्रश्न संशोधन केंद्राचा. एकटा मार्गदर्शक कितीही थोर असला तरी पुरेसा नसतो. तिथे पोथी वाचता येणारे कोणी आहे काय? महानुभावांची सांकेतिक लिपी जाणणारे? मुख्य म्हणजे, मार्गदर्शकांच्या समोर त्यांच्याहून वेगळे मत मांडणारे सहकारी आणि विद्यार्थी आहेत काय?

इथे नदीपलीकडच्या रिद्धपूरची आठवण होते. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या एका व्यक्तीच्या सांगण्यावरून नव्हेत. ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले, त्यांच्याकडे ते गेले आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. आणि पाठभेद पुसून न टाकता ते जपले. संशोधकांच्या गटाचा याहून चांगला आदर्श मला माहीत नाही. एक अधिकारी पारखी, अनेक साक्षी आणि मतभेदांना पोथीत जागा. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. तिथे ही रीतही यावी, एवढीच अपेक्षा.

यावर कोणी म्हणेल, हे सारे पोट भरलेल्यांचे शहाणपण. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलीला एस. टी.चे भाडे आणि घरची परवानगी आधी पाहावी लागते. हे खरेच आहे. जवळचे केंद्र निवडण्यात काहीही कमीपणा नाही. परंतु अंतर पाहून विद्यापीठ निवडावे. जागा पाहून विषय निवडू नये. मनाजोगता मार्गदर्शक यंदा मिळाला नाही, तर एक वर्ष थांबून पोथ्या वाचाव्यात. ते वर्ष वाया जात नाही.

त्या विद्यार्थिनीला मी कोणाचेही नाव सुचवले नाही. दोन्ही विद्यापीठांतले चार प्रबंध तेवढे वाचायला सांगितले. त्यांतल्या ज्या प्रबंधाशी तिला भांडावेसे वाटेल, त्याच्या मार्गदर्शकांना तिने आधी भेटावे. ते भांडण त्यांनी आनंदाने ऐकून घेतले, तर तिची निवड झाली असे मी समजेन.