अपघाताचे श्रेय आणि नटीचे कर्तृत्व

ललिता पवार यांचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत एक गोष्ट हटकून सांगितली जाते. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहनट भगवान यांच्या हातून त्यांच्या गालावर इतका जोराचा तडाखा बसला की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. येथवर गोष्ट खरी आहे. तडाखा मुद्दाम मारलेला नव्हता, हेही खरे. परंतु सांगणारे येथे थांबत नाहीत. त्या तडाख्याने एक नायिका गेली, पण अजोड खाष्ट सासू लाभली, तेव्हा झाले ते बरेच झाले, असा समारोप ते करतात आणि ऐकणारे माना डोलवितात. आमचा आक्षेप या समारोपाला आहे. तो वस्तुस्थितीस धरून नाही, आणि माणुसकीसही शोभत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९१६ साली जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या काळात लहानपणीच पडद्यावर आल्या. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, आणि पुढे ‘दुनिया क्या है’ हा बोलपटही त्यांनी काढला. ज्या वयात इतर नट्या मालकाच्या बोलावण्याची वाट पाहत, त्या वयात ही बाई स्वतः भांडवलाचा धोका पत्करीत होती. १९४१ साली मास्टर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये त्यांनी चांभाराच्या बायकोचे काम केले. कथा खांडेकरांची होती, आणि ते काम गोड चेहऱ्यावर निभावण्यासारखे नव्हते. तडाखा बसला तो त्यानंतर. म्हणजे चरित्रभूमिका करणारी नटी अपघाताने घडविली नाही. ती आधीच घडलेली होती.

आता त्या डोळ्याविषयी. ‘रामशास्त्री’मधील आनंदीबाई (१९४४) आणि ‘दहेज’मधील सासू (१९५०) पाहून प्रेक्षकांनी दातओठ खाल्ले असतील, परंतु त्याच डोळ्याने ‘श्री ४२०’मधील केळेवाली (१९५५) माया करते, आणि ‘अनाडी’मधील मिसेस डिसा (१९५९) वरून रागावते व आतून विरघळते. या डिसाबाईंसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) कडक पालक म्हणून मिरविणारी बाई खोट्या म्हाताऱ्यावर भाळते तेव्हा तर हसून पुरेवाट होते. डोळाच जर अभिनय करीत असता, तर त्याने दुष्टपणा, माया आणि विनोद यांपैकी एकच काहीतरी केले असते. तो तिन्ही करतो, कारण त्यामागे जाणती नटी आहे. सत्तरी गाठल्यावर दूरदर्शनच्या ‘रामायणा’त (१९८७) त्यांनी मंथरा उभी केली, तीही याच साधनेच्या बळावर.

यावर कोणी म्हणेल की, नायिकेच्या भूमिका तर बंद झाल्याच ना? झाल्या, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या बंद कोणी केल्या? वाकडा डोळा म्हणजे वाकडे मन, हा हिशेब चित्रपटवाल्यांचा, आणि तो बिनतक्रार पत्करणारे आपण प्रेक्षक! व्यंगाला खलत्वाची खूण ठरवावयाचे, त्या खुणेवर पोट भरण्याची पाळी नटीवर आणावयाची, आणि वर याला नशिबाची कृपा म्हणावयाचे, हा कोणता न्याय? या बोलण्यात आणखी एक सोय आहे. अपघाताला एकदा वरदान म्हटले की कामावर जायबंदी झालेल्या माणसाचे कोणी काय देणे लागतो, हा प्रश्नच उरत नाही. गिरणीत बोटे गमावलेल्या कामगाराला आपण असे म्हणू धजणार नाही. नटीला मात्र खुशाल म्हणतो, कारण तिचे काम हे काम आहे, हेच आपल्या मनाने अद्याप पुरते मानलेले नाही.

इतिहास सांगताना आपण हा घोटाळा करीत नाही. पुण्याहून साताऱ्यास जाताना वाटेवर भोर तालुक्यातील कापूरहोळ लागते. शंभूराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे या गावची. १६५७ साली पुरंदरावर राजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळली, म्हणून धाराऊला बोलावणे गेले. आज धाराऊचे नाव घेताना सईबाई आजारी पडल्या हे बरे झाले, नाहीतर धाराऊ कोठून मिळती, असे कोणी म्हणेल काय? म्हटल्यास कापूरहोळचे लोक त्याला गावात उभे राहू देणार नाहीत. संकट ते संकटच, आणि संकटात जिने काम निभावले तिचे श्रेय तिचेच, हा भेद येथे आपल्याला न शिकविता कळतो. मग ललिताबाईंच्या बाबतीतच तो का सुटावा?

१९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. साठ वर्षांच्या कारकिर्दीचे सार एका क्षणाच्या तडाख्यात सांगणे हा त्यांच्यावर दुसरा तडाखा आहे, आणि तो हात आपला आहे. ही गोष्ट मुलाबाळांना सांगावयाची तर खुशाल सांगावी. मात्र ‘अमृत’पासून आरंभ करावा, आणि १९४२ ला हानीच म्हणावे.